कोकणातल्या लग्नाची पत्रिका घरीच कशी करावी

पत्रिका घरी करायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला आठवडा मोबाइलवर नक्षी पाहण्यात जातो आणि मजकूर शेवटच्या दोन दिवसांत कसाबसा उरकला जातो. क्रम नेमका उलटा असावा. आधी यादी, मग मजकूर, मग पाकीट, त्यानंतर कागद आणि सर्वांत शेवटी नक्षी, असे काम केले तर पत्रिका घरची असूनही नेटकी होते. कोकणातल्या पत्रिकेत मजकूर मुळातच पुष्कळ असतो. कुलदैवत, ग्रामदैवत, गाव, वाडी, तालुका, मुंबईचा पत्ता, आजोळची नावे, हळदीची वेळ, लग्नाचा मुहूर्त आणि नंतरची सत्यनारायणाची पूजा एवढे सगळे ज्यात बसवायचे, त्या कागदाचे माप आधी ठरवून ठेवले तर पुढे अक्षरे बारीक करत जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि ज्यांच्या आशीर्वादासाठी हा खटाटोप करायचा त्या वडीलधाऱ्यांनाच पत्रिका वाचता येत नाही.

यादी आणि वेळेचे गणित

यादी माणसांची नव्हे, चुलींची करावी. गावात घरटी एक पत्रिका देण्याची रीत असली, तरी एकाच छपराखाली दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर पत्रिकाही वेगळ्या द्याव्या लागतात, आणि ही गोष्ट मुंबईत बसून यादी करणाऱ्या पुतण्याला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून गावची यादी गावात राहणाऱ्यानेच, वाडीवार करावी. मानकरी, गुरव, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी ही मंडळी वाडीच्या यादीतून हमखास सुटतात, त्यांच्यासाठी निराळे पान ठेवावे. दुसरी यादी चाकरमान्यांची आणि तिसरी ज्यांना फक्त मोबाइलवर पत्रिका जाणार आहे त्यांची. पहिल्या दोन याद्यांच्या बेरजेवर दहा टक्के वाढवून जो आकडा येईल तेवढ्या प्रतींची तयारी करावी, कारण घरच्या कामात काही कागद वाया जातातच आणि ऐन वेळी आठवणारी दोन-चार घरे प्रत्येक कुटुंबात असतात.

या आकड्यावर छपाईची पद्धतही अवलंबून असते. शंभराच्या आत प्रती असतील तर घरचा प्रिंटर आणि हातकाम जमते. त्यापुढे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी डिजिटल छपाई करून घेऊन घडी, सजावट आणि पाकिटे एवढेच काम घरी ठेवावे. प्रती पाचशेच्या पुढे गेल्या तर ऑफसेट किंवा स्क्रीन छपाई स्वस्त पडते, कारण तिथे खर्च प्लेट किंवा पडदा तयार करण्याचा असतो आणि तो एकदाच करावा लागतो. पाचशे पत्रिका हाताने रंगवण्याचा संकल्प कौतुकास्पद असला, तरी लग्नघरात तेवढे रिकामे हात नसतात.

वेळेचे गणित रेल्वेपासून मांडावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि मे महिन्यात कोकण रेल्वेची तिकिटे पाहता पाहता संपतात. त्यामुळे पत्रिका छापून होईपर्यंत मुंबईकरांना थांबवून ठेवणे बरे नव्हे. तारीख, गाव आणि जवळचे स्थानक एवढाच मजकूर असलेला साधा संदेश मुहूर्ताच्या सत्तर दिवस आधी पाठवावा आणि छापील पत्रिका महिनाभर आधी हाती पडेल असे पाहावे. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा विवाह अधिकाऱ्याकडून तारीख पक्की झाल्याशिवाय पत्रिकेच्या छपाईला हात लावू नये.

मजकूर

पत्रिका आपली स्वतःची वाटावी ती प्रथम मजकुरामुळे. सोनेरी कडा बाजारात कोणालाही मिळतात, परंतु आपल्या गावचे दैवत, आपली वाडी आणि आपल्या आजीची बोलण्याची तऱ्हा दुसऱ्या कोणाच्या पत्रिकेत असू शकत नाही.

सुरुवात गणपतीने करून त्याखाली कुलदैवत आणि ग्रामदैवत लिहिण्याची पद्धत आहे. दैवतांची नावे गावात जशी घेतात तशीच लिहावीत. सिंधुदुर्गात ‘श्री देव रवळनाथ प्रसन्न’, ‘श्री देवी सातेरी प्रसन्न’ असे लिहितात, आरवलीकडचे लोक वेतोबाचे नाव घेतात, गुहागरला व्याडेश्वर, तर रत्नागिरीजवळच्या पालीला लक्ष्मीपल्लीनाथ. वधू आणि वर या दोन्ही पक्षांची मिळून एकच पत्रिका असेल तर दोन्ही घरांची दैवते यावीत, पण एकूण ओळी चारांवर जाऊ देऊ नयेत. आठ-दहा देवांची रांग लावली की पत्रिकेचा वरचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो. ज्या घरांत ही प्रथा पाळायची नसेल त्यांनी ती जागा मोकळी सोडावी किंवा आई-वडिलांच्या हस्ताक्षरातली एक ओळ तिथे घालावी.

मुख्य वाक्याचा जुना साचा अजूनही उपयोगी आहे: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचा ज्येष्ठ चिरंजीव अमुक याचा शुभविवाह श्री. तमुक, मु. पो. अमुक, यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. तमुक हिजबरोबर, मिती वैशाख शुद्ध अमुक, शके १९४८, रोजी दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.’ या एका वाक्यात कोण, कोणाशी, केव्हा आणि कोणाच्या वतीने हे सगळे येते, म्हणून ते मोडण्यापूर्वी विचार करावा. मोडायचेच असेल तर ही चारही माहिती नव्या मजकुरात आली आहे का हे बोट ठेवून तपासावे. वधू-वरांच्या आयांची नावे जुन्या साच्यात नसत. ती आता बरोबरीने आणि तेवढ्याच टायपात लिहावीत असे माझे स्पष्ट मत आहे. दिवंगत आजी-आजोबांची नावे ‘कै.’ लिहून घेतातच, मात्र त्यांना निमंत्रकांच्या यादीत घालू नये; ‘यांचा नातू’, ‘यांची नात’ अशा उल्लेखात ती शोभतात. विधवा आजीच्या वा काकूच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिण्यापेक्षा ‘श्रीमती’ लिहावे, आणि शक्य असेल तर त्यांना स्वतःला विचारून लिहावे.

वधू-वरांची नावे आधार कार्डावर असतील तशीच, पूर्ण आणि त्याच शुद्धलेखनाने छापावीत. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते, ती लग्नानंतर ९० दिवसांच्या आत करायची असते आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात. पत्रिकेवर घरचे लाडके नाव आणि आधारवर शाळेतले नाव असा प्रकार झाला की प्रतिज्ञापत्राचे लचांड मागे लागते. लाडके नाव घालायची हौस असेल तर ते पूर्ण नावानंतर कंसात यावे. याच कारणासाठी तिथीबरोबर इंग्रजी तारीख, महिना आणि वर्ष हे तिन्ही स्पष्ट असावेत. नुसते ‘रविवार, दि. १०’ लिहून भागत नाही.

तिथी आणि शक यांत होणाऱ्या चुका ठरावीक असतात. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करावेत आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे फेब्रुवारी २०२६ मधले लग्न शके १९४७ मध्ये येते आणि मे २०२६ मधले शके १९४८ मध्ये. इंटरनेटवरून तिथी उतरवून घेतली तर आणखी एक खोच असते. आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर हिंदुस्थानातला पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात त्यांच्या महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एक पुढे असते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, त्यांची फाल्गुनात. दिवस मात्र एकच. अधिक मासाचेही पाहून घ्यावे, कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने मे महिन्याच्या उत्तरार्धातल्या मुहूर्तांची आशा धरण्यात अर्थ नाही. कोकणात काही घरांत टिळक पंचांग चालते, तेव्हा भटजींनी मुहूर्त कोणत्या पंचांगावरून काढला हे विचारून त्यांच्याच हातून मिती लिहून घ्यावी आणि तो चिठोरा जपून ठेवावा.

आता थोडी मोकळीक. पत्रिकेच्या आतल्या पानावर किंवा मागे मुलांच्या तोंडची एक ओळ घालायची पद्धत जुनीच आहे, आणि ती आपल्या बोलीत असेल तर फार गोड वाटते. मालवणी घरात ‘आमच्या मामाच्या लग्नाक नक्की येवा हां!’ एवढे पुरे. सगळी पत्रिकाच बोलीत लिहिण्याचा मोह टाळावा, कारण मुहूर्ताची वेळ आणि पत्ता यांत गंमत चालत नाही, आणि चार ओळींनंतर ती पत्रिका कमी आणि दशावतारातला विनोदी प्रवेश जास्त वाटू लागते. आहेराबद्दल लिहायचे असेल तर ‘कृपया आहेर आणू नये’ हे सरळ वाक्य उत्तम. त्यात अलंकार घातले की पाहुणे संभ्रमात पडतात.

पत्ता आणि वाट

शहरातल्या पत्रिकेत मंगल कार्यालयाचे नाव दिले की काम झाले. कोकणात पुष्कळ लग्ने अजून घरच्या खळ्यात मांडव घालून होतात आणि ‘विवाहस्थळ: वधूचे राहते घर’ असे छापले जाते. वरची वाडी, मधली वाडी आणि खालची वाडी जवळजवळ प्रत्येक गावात असतात, एकाच आडनावाची पंधरा घरे एका वाडीत असतात, आणि त्याच दिवशी त्याच वाडीत दुसरा मांडव असणे हेही मे महिन्यात नवल नाही. म्हणून घराची ओळख पटेल असे काहीतरी द्यावे.

पत्रिकेबरोबर हाताने काढलेला छोटा नकाशा घालावा. महामार्गावरून कोणत्या तिठ्यावर वळायचे तिथून तो सुरू करावा, आणि नंतर वाटेत नजरेत भरणाऱ्या जागा, म्हणजे शाळा, देऊळ, व्हाळावरचा साकव, रेशनचे दुकान, क्रमाने दाखवाव्यात. गाडी कुठपर्यंत येते आणि पाखाडी कुठून सुरू होते हे अवश्य लिहावे, कारण नऊवारी नेसलेल्या आत्याबाईंना जांभ्याच्या पन्नास पायऱ्या उतरायच्या आहेत हे आधी कळले तर त्या चपला तशा घालून येतात. जवळचे रेल्वे स्थानक लिहिताना नावावर भिस्त ठेवू नये. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून बरेच लांब आहे, आणि सावंतवाडी रोडवर उतरून सावंतवाडीत यायलाही वाहन लागते. हे परगावच्या पाहुण्याला माहीत नसते. स्थानकावरून येणारी एसटी आणि परतीची शेवटची गाडी यांच्या वेळा आगारात विचारून दिल्या तर पत्रिका खरोखर उपयोगी पडते.

क्यूआर कोड द्यावा, पण त्याच्या भरवशावर नकाशा गाळू नये, कारण पुष्कळ वाड्यांत ऐन वळणावर नेटवर्क जाते. कोडसाठी मांडवाच्या जागी प्रत्यक्ष उभे राहून नकाशावरचे ठिकाण निवडावे. छापील कोड किमान दोन सेंटिमीटर बाजूचा असावा, त्याच्या चारी बाजूंना कोरी जागा असावी, आणि तो पांढऱ्या किंवा फिकट कागदावर काळ्या रंगातच छापावा. सोनेरी शाईतला कोड पुष्कळ फोनना वाचता येत नाही. छापलेली पहिली प्रत दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासून पाहावी.

पाकीट, कागद, शाई

पाकीट आधी विकत घ्यावे आणि पत्रिकेचे माप त्यावरून ठरवावे. ए-४ कागद मध्ये दुमडला की ए-५ मापाची चार पानांची पत्रिका होते आणि तिला १६२ × २२९ मिलिमीटरचे सी-५ पाकीट लागते; तालुक्याच्या बाजारात मात्र नेमके हे माप मिळेलच असे नाही. जे पाकीट मिळेल त्याच्या आतल्या मापापेक्षा पत्रिका लांबी-रुंदीत पाच-सहा मिलिमीटर लहान कापावी. कुंकू, अक्षता किंवा धागा लावायचा असेल तर आणखी थोडी सैल जागा ठेवावी.

घरच्या प्रिंटरसाठी कागद १६० ते २०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) घ्यावा आणि आपला प्रिंटर किती जाड कागद ओढतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच गठ्ठा आणावा. ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड दुकानात भारदस्त वाटतो, पण साध्या इंकजेटमध्ये तो अडकतो, आणि त्याचा पृष्ठभाग चकचकीत असेल तर इंकजेटची शाई त्यात मुरत नाही आणि बोटाला लागते. असा कागद लेझर किंवा डिजिटल छपाईसाठी ठीक आहे. खडबडीत, शाई पिणारा पांढरा किंवा हस्तिदंती कागद घरच्या कामाला सर्वांत बरा.

आपल्याकडच्या दमट हवेत दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली कागदाची. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तासाठी पत्रिका करायला घेतल्या तर काम पावसाच्या शेवटच्या दिवसांत येते आणि उघडा ठेवलेला कागद ओल धरून कडेने वळतो. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, लाकडी कपाटात आडवा ठेवावा आणि त्या दिवशी लागेल तेवढाच कागद बाहेर काढावा. दुसरी शाईची. बऱ्याच इंकजेट प्रिंटरांतली रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असते. ओल्या हाताचा किंवा नारळाच्या पाण्याचा एक थेंब पडला की वधूचे नाव पसरते. पाण्यात न विरघळणाऱ्या पिगमेंट शाईचा प्रिंटर मिळत असेल तर तो वापरावा. नसेल तर निदान नावे आणि वेळ हा मजकूर काळ्यात छापावा आणि एका प्रतीवर ओले बोट फिरवून आधीच परीक्षा घ्यावी.

रंगीत कागदावर पांढरी अक्षरे छापण्याची कल्पना अनेकांना सुचते. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे ते शक्य होत नाही. गेरूच्या रंगाची पत्रिका हवी असेल तर पांढऱ्या कागदावर पार्श्वभूमी गेरूची छापून अक्षरे कोरी सोडावीत, नाहीतर खऱ्या रंगीत कागदावर स्क्रीन छपाई करून घ्यावी. हाताने करायच्या थोड्या प्रतींसाठी पांढरे जेल पेन चालते. पडद्यावर दिसणारा झेंडूचा भगवा आणि कुंकवाचा लाल कागदावर थोडा मळकट उतरतो, हे गृहीत धरून एक नमुना छापून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अक्षर

मजकूर यूनिकोडमध्येच टंकित करावा. एक टाइप या संस्थेचे मुक्त, बालू आणि गोटू हे फाँट, तसेच तिरो देवनागरी मराठी, हे सर्व मोफत मिळतात. नावांसाठी एक ठसठशीत आणि मजकुरासाठी एक साधा, असे दोनच फाँट पुरेत. मराठी पत्रिकेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शोभतात. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ‘लग्न’ आणि ‘शुभविवाह’ या दोन शब्दांत लगेच डोळ्यांत खुपतात, तेव्हा फाँट निवडताना हेच दोन शब्द लिहून पाहावेत. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते, आणि मजकुराचा आकार १३-१४ पॉइंटांच्या खाली नेऊ नये.

छापखान्यात काम द्यायचे असेल तर पीडीएफ द्यावी. टंकलेला मजकूर तसाच दिला तर पुष्कळ ठिकाणी तो त्यांच्या जुन्या, यूनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बदलून घेतात, आणि त्या बदलात ठरावीक अक्षरे जखमी होतात. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा र, ‘सौभाग्यकांक्षिणी’मधला ‘क्षि’, ‘ॲड.’मधला ‘ॲ’, आणि आपली जागा सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसणारी पहिली वेलांटी, एवढ्या जागा छापण्यापूर्वी नखाने टोकरून पाहाव्यात. काही चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्येही भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि त्यात जोडाक्षरे नीट येतात.

आजीचे किंवा आजोबांचे हस्ताक्षर घालायचे असेल तर ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ एवढी ओळ त्यांच्याकडून जाड काळ्या पेनाने, रेघा नसलेल्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी. एका बैठकीत पाच-सहा वेळा लिहायला लावावी. पहिल्या दोन ओळी जपून लिहिलेल्या असतात, हात मोकळा होतो तो नंतर. ती ६०० डीपीआयवर स्कॅन करून शुद्ध काळी-पांढरी करावी आणि वापरताना लहान करावी, मोठी करू नये. थरथरलेली रेघ तशीच ठेवावी. घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांच्या लग्नाची पत्रिका सापडली तर तीही याच रीतीने स्कॅन करून ठेवावी. तिच्यातली चौकट किंवा गणपतीचे चित्र पुन्हा वापरण्यासारखे असते.

नक्षी

बाजारातल्या तयार नक्षीत मोर, हत्ती आणि राजस्थानी कमानी असतात, आणि त्यांचा आपल्या पडवीशी काही संबंध नसतो. त्याऐवजी आपल्या भोवतालची एकच वस्तू निवडावी आणि तीच पाकिटावर, मुखपृष्ठावर आणि नकाशात वापरावी: सुरंगीचा वळेसर, अबोलीचा गजरा, बकुळीचे फूल, पोफळीचा शिपटा, कौलारू घराची पाख, घरापुढचे तुळशीवृंदावन. घरातल्या चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला ती काढायला सांगावी. साधी रेघ छपाईत उठून दिसते.

कोकणच्या कलांपैकी काही वापरायची इच्छा असेल तर ती कुठल्या गावची, कोणाची, हे माहीत असावे. डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तो चौक मुळात पूजेचा आहे, म्हणून पत्रिकेवर देवीसह तो जसाच्या तसा उतरवण्यापेक्षा झाडे, तारपा हे वाद्य आणि फेर धरलेली माणसे यांवर समाधान मानावे. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मात्र पत्रिकेला फार जवळची आहे. तिची पाने गोल असतात, दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने भरतात, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात ती अजूनही हाताने रंगवली जातात. त्या धर्तीवर गोल कापलेले एक पान, कडेला फुलांची चौकट आणि मध्ये वधू-वरांची नावे, असे करून ते पत्रिकेच्या आत ठेवता येते. चौकट स्वतः काढावी. कलाकाराने रंगवलेले पान इंटरनेटवरून उचलू नये. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगण्याची, परंपरा आहे, तिच्यातले चित्र हवे असेल तर तिथल्या कलाकाराकडूनच मोबदला देऊन काढून घ्यावे. आणि देवरुख-साखरपा भागातल्या घराला तर विषय शोधावाच लागत नाही, कारण तिथे दर मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते.

छाप हाताने उठवायचा असेल तर मोठ्या खोडरबरावर कोरलेला ठसा सर्वांत सोपा. चित्र पेन्सिलीने ट्रेसिंग कागदावर काढून रबरावर उलटे दाबावे म्हणजे ते आपोआप उलट उमटते आणि छापताना सुलट येते, नको तो भाग पात्याने तिरकस कापून काढावा आणि शाईच्या पॅडवर हलके टेकवून छापावे. अक्षरे कोरण्याच्या भानगडीत पडू नये. हळदीने कडा रंगवायची टूम अधूनमधून निघते. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो आणि साबणाचा किंवा चुन्याचा हात लागला की लाल होतो, तेव्हा ती आदल्या दिवशी द्यायच्या मोजक्या प्रतींपुरती ठीक. बांधायला सुंभ फार जाड पडतो. केळीच्या सोपटाचा भिजवून सोललेला बारीक धागा छान दिसतो, मात्र तो पूर्ण वाळवूनच वापरावा, नाहीतर पाकिटात बुरशी धरतो.

घडी, तपासणी, वाटप

जाड कागद थेट दुमडला तर घडीवर शाई फुटते. पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनाने दाबून रेघ ओढावी आणि मग दुमडावे. कागदाला एका दिशेने दुमडणे सोपे जाते आणि दुसऱ्या दिशेने तो अडतो. पत्रिकेची घडी सोप्या दिशेला येईल असा कागद कापावा.

मजकूर तीन जणांनी वाचावा, आणि त्यांतला एक जण घरातला नसावा. घरच्या माणसाला नाव पाठ असते, म्हणून त्याला चुकलेले अक्षर दिसत नाही. एकाने मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचावे आणि दुसऱ्याने आधार कार्ड, भटजींचा चिठोरा आणि फोन नंबर समोर ठेवून पडताळावे. वार आणि तारीख जुळतात का हे दिनदर्शिकेत पाहावे. सोयऱ्यांकडच्या नावांचा फोटो त्यांना पाठवून लेखी होकार घ्यावा. मानापमानाची अर्धी भांडणे इथेच मिटतात.

पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना कुंकू लावायचे ते पाण्यात किंचित कालवून, अनामिकेच्या टोकाने लावावे आणि उघड्यावर पूर्ण वाळू द्यावे. कोरडे कुंकू पाकिटात झडून सगळा मजकूर गुलाबी करते, आणि तेलात कालवलेले कागदाच्या मागच्या बाजूला उमटते. पहिली पत्रिका घरच्या देवापुढे ठेवतात, नंतरची नारळ-विड्यासह ग्रामदेवतेपुढे, आणि तिथे गुरवाकडून गाऱ्हाणे, म्हणजे देवाला तोंडी विनवणी, घालून घेतात. त्यानंतरच वाडीत फिरायला निघावे. पाकिटावरचे नाव हाताने, शाईच्या पेनाने लिहावे. घरातल्या सर्वांत वडील माणसाचे नाव आधी आणि पुढे ‘सहकुटुंब’. अक्षता आणि पत्रिका देताना तोंडी बोलावणे करावेच लागते. नुसती पत्रिका ओटीवर ठेवून आलेल्याला गाव विसरत नाही.

मोबाइलवर पाठवायची प्रत छापील पत्रिकेचा फोटो काढून करू नये. त्याच मजकुराचे उभे, एका पानाचे, मोठ्या अक्षरांचे चित्र वेगळे बनवावे आणि नकाशाचा दुवा संदेशात निराळा द्यावा, कारण चित्रातल्या दुव्यावर बोट दाबून काही उघडत नाही.

सगळे वाटप झाल्यावर कुंकू न लावलेल्या चार-पाच प्रती कडक पाकिटात बाजूला ठेवाव्यात आणि त्या आधार कार्डांच्या प्रतींबरोबर एकाच फाइलीत लावून ती वधू-वरांच्याच हाती द्यावी, म्हणजे नोंदणीच्या दिवशी पत्रिका कोणाच्या घरी उरली आहे याची शोधाशोध करावी लागत नाही.